बुद्धी वाढवणाऱ्या गोळ्या: घेणाऱ्याचा, देणाऱ्याचा आणि शेजारच्याचा प्रश्न
(वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले विद्यार्थी, पालक, अभ्यासिका चालवणारे, मेडिकलवाले आणि रात्री काम करणारे यांच्यासाठी आहे. आजारावरचे औषध निरोगी माणसाने डोके जास्त चालावे म्हणून घ्यावे का, दुसऱ्याला द्यावे का, हा इथला विषय. तुम्हाला स्वतःला एखादे औषध लागते की नाही, ते मात्र तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

नेमक्या कोणत्या औषधांबद्दल बोलायचे आहे?

मुख्यतः तीन. पहिले मेथिलफेनिडेट. लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकारावर, म्हणजे एडीएचडीवर, ते दिले जाते. १९४४ साली सीबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. त्याच्या पत्नीचे नाव मार्गरीट, लाडाने रीटा. त्यावरून औषधाचे नाव पडले रिटालिन. दुसरे मोडाफिनिल. हे फ्रान्समधले. दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याच्या आजारासाठी ते वापरात आले. तिसरा गट अँफेटामिनचा. परदेशातल्या विद्यार्थ्यांच्या गप्पांत याचीच नावे जास्त ऐकू येतात.

'नूट्रोपिक' हा शब्द हल्ली कुठल्याही डबीवर छापलेला दिसतो. रुमानियाचे कोर्नेलिउ जुर्जा यांनी तो १९७२ साली घडवला, तेव्हा त्यांची अट कडक होती. औषधाने स्मरण आणि शिकणे सुधारावे, मेंदूचे रक्षण व्हावे आणि दुष्परिणाम जवळजवळ नसावेत. वरच्या तीनपैकी एकही औषध या अटीत बसत नाही.

या गोळ्यांनी बुद्धी खरेच वाढते का?

जाग वाढते, चिकाटी वाढते. बुद्धी वाढते असे म्हणता येत नाही. नीतीची सगळी चर्चा 'फायदा होतोच' असे धरून सुरू होते, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

मेथिलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन परत शोषले जाऊ देत नाही, त्यामुळे ही दोन्ही रसायने पेशींच्या मधल्या फटीत जास्त वेळ राहतात. ज्याच्याकडे त्यांचा तुटवडा आहे त्याची घडी यामुळे बसते. ज्याच्याकडे ती पुरेशी आहेत त्याची बसलेली घडी विस्कटूही शकते. विहिरीला पाणी असताना पंप जास्त जोरात चालवला म्हणून पाणी वाढत नाही, गाळ वर येतो.

दोन प्रयोग सांगतो. जर्मनीत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ पुरुष बुद्धिबळपटूंना मेथिलफेनिडेट, मोडाफिनिल, कॅफिन किंवा नुसती खोटी, औषध नसलेली गोळी देऊन जलद डाव खेळवले. औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीला जास्त वेळ विचार करू लागले आणि घड्याळावर जास्त डाव हरले. वेळ संपून हरलेले डाव बाजूला काढले, तरच थोडी सुधारणा दिसली. बोर्डाचा पेपर असो की नीट, परीक्षा घड्याळावरच चालते, हे ध्यानात घ्या.

दुसरा प्रयोग २०२३ सालचा. ४० निरोगी तरुणांना वेगवेगळ्या दिवशी मेथिलफेनिडेट ३० मिलिग्रॅम, डेक्स्ट्रोअँफेटामिन १५ मिलिग्रॅम, मोडाफिनिल २०० मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी दिली. काम होते ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवण्याचे. औषधाखाली मुलांनी जास्त वेळ दिला, जास्त वस्तू आत-बाहेर केल्या, पण प्रत्येक हालचालीचा दर्जा घसरला. एरवी सरासरीच्या वर असणारे अनेकजण औषधाखाली सरासरीच्या खाली गेले.

म्हणजे हुशार मुलाने घेतली तर त्याचे नुकसान होण्याची शक्यता जास्त. वर, काम छान झाले अशी भावना मात्र औषध देते. ही भावनाच मुलांना पुन्हा गोळीकडे नेते.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला एखादी घेतली तर?

मोडाफिनिलचे अर्धे प्रमाण शरीरातून जायला १२ ते १५ तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी पेपरच्या वेळीही निम्म्याच्या आसपास अंगात असते, आणि त्या रात्रीची झोपही तीच खाते. दिवसभर वाचलेले पक्के होते ते झोपेत. जागून चार धडे जास्त वाचले आणि आधीचे दहा विरले, तर हिशेब तोट्याचा.

आणखी एक आकडा. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. गोळीने झोप दडते, थकवा जागच्या जागी राहतो.

चहा-कॉफी चालते, मग गोळीच का नको? दोन्ही रसायनेच ना?

प्रश्न रास्त आहे, आणि 'ते नैसर्गिक, हे कृत्रिम' हे त्याचे उत्तर नव्हे. कॅफिन हेही औषधच आहे. दिवसभरात मेंदूत अॅडेनोसिन साठत जाते आणि झोप येते. कॅफिन त्या अॅडेनोसिनची जागा अडवून बसते. फरक पडतो चार गोष्टींनी: धोका किती, सवय सुटते का, ते सगळ्यांना सारखे मिळते का, आणि ते उघडपणे घेता येते का. चहा या चारही कसोट्यांवर बराचसा उतरतो. दुसऱ्याच्या नावच्या चिठ्ठीवरची गोळी एकाही कसोटीवर उतरत नाही.

चहालाही माप आहे. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा सोसते. कपभर चहात साधारण ३० ते ५०, चमचाभर इन्स्टंट कॉफीत ६० च्या आसपास. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. त्याच नियमांप्रमाणे कॅनवर लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी नाही अशी सूचना असते, ती वाचा. कॅफिनचे अर्धे प्रमाण निघायला पाचेक तास लागतात, तेव्हा रात्री अकराला झोपायचे असेल तर दुपारी चारनंतरचा कप सोडा. सुट्टी कॅफिन पूड मात्र घरात आणूच नका. तिचा एक चमचा म्हणजे पंचवीसहून अधिक कप कॉफी, आणि त्याने जीव गेल्याच्या घटना आहेत.

परीक्षेसाठी गोळी घेणे ही कॉपी आहे का?

कायद्याच्या भाषेत आपल्याकडे नाही. केंद्राचा सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा २०२४ चा कायदा पेपरफुटी, उत्तरपत्रिकेतील फेरफार, तोतया परीक्षार्थी यांबद्दल बोलतो. औषधांचा त्यात उल्लेख नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०११ साली आपल्या नियमांत बदल करून, चिठ्ठीशिवाय असे औषध अभ्यासासाठी वापरणे ही फसवणूक ठरवली. ही मागणी तिथल्या विद्यार्थ्यांनीच केली होती.

खेळात चित्र वेगळे आहे. २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत १०० आणि २०० मीटर जिंकलेल्या केली व्हाइटची पदके मोडाफिनिल सापडल्यामुळे गेली. पण परीक्षा ही धावण्याची शर्यत आहे का? शर्यतीत निकालापलीकडे काही उरत नाही. अभ्यासातून डॉक्टर, तलाठी, शिक्षक तयार व्हायचे असतात, आणि मूल गोळी घेऊन खरोखर जास्त शिकले असते तर त्यात समाजाचा फायदाच होता, असा युक्तिवाद करता येतो. २००८ साली 'नेचर' नियतकालिकात काही शास्त्रज्ञ आणि नीतीच्या अभ्यासकांनी साधारण हीच बाजू मांडली: सज्ञान, सक्षम माणसाला हे स्वातंत्र्य असावे, मात्र धोक्यांचा नीट अभ्यास आणि सक्तीपासून संरक्षण हवे. आमच्या मते यातली शेवटची अटच निर्णायक आहे, आणि ती आपल्याकडे पाळली जात नाही.

माझे शरीर, माझा निर्णय. यात इतरांचा संबंध काय?

कोकणात हे समजवायला हापूसचे उदाहरण पुरे. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, आल्यावर दरवर्षी आणि लवकर फळ घेता येऊ लागले. शिफारस नेमकी आहे: झाडाच्या घेराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली, पावसाळ्यात, बुंध्याभोवती खड्डे घेऊन, आणि त्या झाडाला खताची मात्राही वाढवायची. खत न वाढवता नुसता डोस वाढवला की झाड थकते, पालवी आखडते. आता शेजारच्या बागेची पेटी वाशीला आधी पोचू लागली, तर ज्याला कल्टार घालायचे नव्हते त्यालाही ते घालावे लागते. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नसते. तरी त्याचा 'नको' महाग झालेला असतो.

अभ्यासिकेत वीस जण एका परीक्षेला बसणारे असतात. त्यातले पाच गोळी घेऊन पहाटे चारपर्यंत बसू लागले की उरलेल्या पंधरांना रात्री दहाला उठून घरी जाणे आळशीपणाचे वाटू लागते. गोळीने गुण वाढोत न वाढोत, हा ताण लगेच वाढतो. जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यांनी घेतली तर क्रम तोच राहतो आणि झोप सगळ्यांची जाते. म्हणून गोळी घेणाऱ्याचा निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही. मालक, शिक्षक, पालक किंवा सोबती यांच्या भीतीने दिलेल्या होकाराला आम्ही संमती म्हणत नाही.

झाडाला निदान बागायतदार खत घालतो.

गरीब मुलाला महागडा क्लास परवडत नाही. त्याने गोळीने अंतर भरून काढले तर अन्याय कसा?

हा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे. लांज्याच्या किंवा मंडणगडच्या एखाद्या वाडीतला मुलगा एसटीने रोज दोन तास प्रवास करून कॉलेज गाठतो, त्याच्यापुढे 'समान संधी'ची भाषणे देऊ नयेत. पण गोळी त्याचा प्रवास कमी करत नाही, गणिताचा शिक्षक आणून देत नाही. उलट धोका त्यालाच जास्त आहे. पैसेवाला डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घेईल. हा कुणाच्या तरी ओळखीने सुटी गोळी आणेल, आणि छातीत धडधडले तर सांगायलाही घाबरेल. अंतर भरायचेच तर त्याला अभ्यासिकेत जागा, पुस्तके आणि वेळेवर गाडी द्या.

आई-वडिलांनी मुलाला दुधातून किंवा 'व्हिटॅमिन' म्हणून द्यावी का?

नाही. यात दुसरी बाजू नाही.

मेथिलफेनिडेट सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मंजूर नाही. त्यावरच्या वयातही भूक मरते, झोप लांबते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. म्हणून उपचार चालू असलेल्या मुलाचे वजन, उंची आणि रक्तदाब डॉक्टर ठरावीक अंतराने मोजतात. लपवून दिली तर मुलाला होणाऱ्या त्रासाचे कारण त्यालाच कळत नाही, आणि दवाखान्यात तो सांगूही शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपण जसे आहोत तसे पुरे पडत नाही, ही गोष्ट तो न सांगता शिकतो.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग बहुतेक वर्षी राज्यात पहिला असतो. अभिमानाची गोष्ट आहे, पण या वरच्या क्रमाचे ओझे ८० टक्केवाल्या घरांवर येते. मूल मागे पडते आहे असे वाटले तर आधी हे तपासा: चष्मा, ऐकू येणे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोपेचे तास, वर्गातला त्रास. यातले एखादे तरी अनेकदा सापडते.

एडीएचडी असलेल्या वर्गमित्राला ही गोळी मिळते. मग त्याला जादा फायदा नाही का?

चष्मेवाल्याला जादा दिसते असे आपण म्हणत नाही. निदान असे सहज होतही नाही. लक्ष न टिकण्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा (१७ वर्षांपासून पुढे पाच), सहा महिन्यांहून अधिक काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यातली काही बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. अतिचंचलतेची वेगळी नऊ लक्षणे आहेत, त्यांनाही हीच मापे. मोबाइलमुळे आत्ता लक्ष लागत नाही, हे या व्याख्येत येत नाही.

त्याच्याकडे गोळी मागू नका. त्याची महिन्याची पट्टी मोजून मिळते. दोन गोळ्या तुम्ही घेतल्या की त्याचे दोन दिवस बुडतात. आणि अशा मागण्या वाढल्या की मेडिकलवाला खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहू लागतो.

कायदा काय म्हणतो? मेडिकलवाल्याने काय पाहावे?

मेथिलफेनिडेट अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या, मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. वैद्यकीय कारणाशिवाय ते बाळगणे, विकणे, वापरणे हे सगळे या कायद्यात येते. 'विकली नाही, मैत्रीत दिली' हा बचाव ठरत नाही. औषध नियमांच्या अनुसूची 'एक्स'मध्येही ते आहे: चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपायची, साठा कुलपात. मोडाफिनिललाही नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

दुकानात चुकते ते इथे: जुनीच चिठ्ठी तिसऱ्यांदा येते, चिठ्ठीवर प्रमाण आणि दिवस लिहिलेले नसतात, नाव एकाचे आणि घ्यायला आलेला दुसरा, किंवा मार्च-एप्रिलमध्येच नवी गिऱ्हाइके दिसू लागतात. अशा वेळी चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन करणे हा दुकानदाराचा अधिकार आहे, आणि आम्ही म्हणू, कर्तव्यही.

कुरियरने येणाऱ्या पट्ट्यांत काय भरले आहे, ते पट्टी पाहून कळत नाही. बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक यातले एकही नसेल तर ती गोळी तोंडात घालू नका.

ब्राह्मी, मालकांगोणी, वेखंड तर आपलेच. त्यांना ही नीती कशाला?

आधी ओळख पटवा. आपल्याकडे 'ब्राह्मी' म्हणून दोन वनस्पती चालतात. पाणथळीत वाढणारी, मांसल बारीक पानांची ती जलब्राह्मी. गोलसर, कातरलेल्या कडेच्या पानांची, जमिनीवर पसरणारी तो कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. माणसांवरचे स्मरणशक्तीचे बरेच अभ्यास पहिलीवर झाले आहेत, साधारण रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, बारा आठवडे. शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. तक्रारी आल्या पोटात मुरडा, मळमळ, वारंवार शौच यांच्या. परीक्षेच्या आठवड्यात सुरू केली तर हाती फक्त पोटाची तक्रार येते.

वेखंड बाळगुटीत उगाळतात. त्यात बीटा-असारोन हे द्रव्य असते, आणि त्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड अन्नात घालायला बंदी आहे. तान्ह्या बाळाची 'बुद्धी' व्हावी म्हणून ते देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

जाहिरातींबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. औषध नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे'मध्ये ज्या गोष्टींचा दावा औषधाने करायचाच नाही अशांची यादी आहे, आणि तिच्यात मेंदूची क्षमता वाढवणे आणि स्मरणशक्ती सुधारणे हे आहे.

होडीवर, बसवर, रात्रपाळीत जागे राहावेच लागते. तिथे तरी गोळी योग्य नाही का?

इथे कारण अधिक वजनदार आहे, कारण डुलकीने दुसऱ्याचा जीव जातो. म्हणूनच विचारायचे ते हे, की माणसाला इतका वेळ जागवले कुणी. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. गणपतीत मुंबईहून सुटलेली खासगी गाडी कशेडी उतरून सावंतवाडीपर्यंत एकाच चालकावर न्यायची आणि त्याला गोळी पुरवायची, तर मालक दुसऱ्या चालकाचा पगार त्या माणसाच्या शरीरातून वसूल करतो.

नाखवा किंवा तांडेलाने खलाशाला गोळी देणे याच कारणाने चूक. भर समुद्रात खलाशी 'नको' म्हणून जाणार कुठे? तिथे छातीत दुखू लागले तर किनारा काही तासांवर असतो.

करायचे ते असे: पाळ्या लावा, निघण्याआधी दुपारी दीड तासाची झोप घ्या, वाटेत डोळे जड झाले की गाडी बाजूला घेऊन एक कप कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपा. कॅफिन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठल्यावर दोन्हींचा फायदा मिळतो. हा उपाय एकदाच चालतो. त्यानंतर पुन्हा पेंग आली तर गाडी चालवायची नाही.

अभ्यासिका चालवतो. नियम काय ठेवावा?

झडत्या घेऊ नका. त्याने गोळ्या खिशातून चपलेत जातात आणि ज्याला खरी चिठ्ठी आहे त्याची अब्रू जाते. रात्री साडेअकराला दिवे बंद करा. चोवीस तास उघडी असलेली अभ्यासिका स्वतःच जाग्रणाची सक्ती करते. गोळ्यांची देवघेव दिसली तर पहिल्या वेळी बोलणे, दुसऱ्या वेळी प्रवेश बंद, हे प्रवेशाच्या कागदावरच लिहा. आणि पहाटेपर्यंत बसणाऱ्याचे सगळ्यांसमोर कौतुक करू नका. या शेवटच्या नियमाचा उपयोग सर्वात जास्त होतो.

घेऊन झाली आहे. आता काय?

छातीत दुखणे, श्वास लागणे, भ्रम, झटका किंवा शुद्ध हरपणे: लगेच १०८. सोबत पट्टी न्या आणि काय, किती, किती वाजता घेतले ते खरे सांगा. मोडाफिनिलनंतर अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल होणे असे काही दिसले तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. क्वचित ही जिवावर बेतणारी प्रतिक्रिया असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी लक्षात ठेवावे की मोडाफिनिल त्यांचा असर कमी करते, आणि थांबवल्यावरही महिनाभर दुसरे साधन लागते. गरोदरपणात ते घेऊच नये.

काही महिने रोज घेत असाल तर घरच्या घरी झटक्यात सोडू नका. सोडल्यावर पहिले काही दिवस खूप झोप, उदासी, चिडचिड येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी विचारा. जाणे जमत नसेल तर टेलिमानस, १४४१६, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतूनही. आणि घरच्यांनो, मुलाने सांगितले तर त्या रात्री त्याला रागावू नका. आधी जेवू द्या, झोपू द्या.